पाचाच्या जागी एक

"आकडा एकटा कधी बघायचा नाही. कशाला किती, ते आधी विचारायचं," बाई नेहमीप्रमाणे सातवीच्या वर्गाला सांगत होत्या. फळ्यावर गाडी होती, तीन तास होते, दीडशे किलोमीटर होते. दुसऱ्या बाकावरची जागा मात्र आज चौथ्या दिवशीही रिकामी होती. ती त्यांच्या भाचीची, सख्ख्या भावाच्या मुलीची.

शाळा सुटल्यावर बाई तडक भावाकडे गेल्या. भाची ओट्याशी लसूण सोलत बसली होती.

"ताप आलाय का हिला?"

"ताप कसला! काढली शाळेतून," दादा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला. "आपल्या घरातल्या मुलींना सहावी पुष्कळ झाली."

"मी शिकले ती?"

"तुझ्यासाठी आई तीन दिवस जेवली नव्हती. आता ती नाही. आणि हिच्या आईची पाचवीच झालीये ना? अडलं का कुठं काही?"

आईला जाऊन दोन महिने झाले होते. औषध जास्त झालं, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळं खापर वहिनीच्या डोक्यावर फुटलं. सासूला औषध तीच देत होती. बाईंनीही तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"अडलं होतं," वहिनी म्हणाली.

तिने फडताळातून दोन रिकाम्या बाटल्या काढल्या आणि बाईंपुढे ठेवल्या.

"ताई, ही जुनी. ही नवी आणली त्या दिवशी मी यांना विचारलं होतं. दोन्हीवर पन्नासच लिहिलंय, पण पुढे पाचाच्या जागी एक आहे, असं का?"

"मग? दादा काय म्हणाला?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. "सांगता का तुम्ही?"

दादाने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"म्हणाले, 'मोठी डॉक्टरीण लागून गेलीस! रोज देतेस तेवढंच दे.' मी दिलं. दोन चमचे. चार दिवस."

बाईंनी दोन्ही बाटल्यांवरची लेबलं ताडून पाहिली. हिने नेमकं तेच विचारलं होतं, जे त्या वीस वर्षं वर्गाला विचारायला शिकवत आल्या. कशाला किती?

"चुकलं माझं, वहिनी," एवढंच त्यांना बोलता आलं.

वहिनीने मुलीच्या हातातला लसूण काढून घेतला. "दप्तर भर. उद्या शाळा आहे."

"मी नाही म्हटलंय!" दादा गरजला.

"ऐकलं. एकदा तुमचं ऐकून झालंय."

दुसऱ्या दिवशी मायलेकी एकाच बाकावर बसल्या. पोरी खुसखुसल्या, "आई पण नापास झाली वाटतं!" बाईंनी टेबलावर दोन बाटल्या आणि पाच मिलिलिटरचा चमचा ठेवला.

"डॉक्टरांनी शंभर मिलिग्रॅम द्यायला सांगितलंय. जुन्या बाटलीत पाच मिलिलिटरला पन्नास. म्हणजे?"

"दहा मिलिलिटर! दोन चमचे!" वर्ग ओरडला.

"नव्या बाटलीत एकाच मिलिलिटरला पन्नास. मग?"

या वेळी कुणी ओरडायच्या आत वहिनी उभी राहिली. तिने बोटांवर मोजलं, मग पुन्हा एकदा मोजलं.

"दोन मिलिलिटर," ती म्हणाली. "अर्धा चमचासुद्धा भरत नाही, ताई."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला अजून दहा मिनिटं होती. त्यांनी वहिनीच्या हातात खडू दिला आणि हे गणित फळ्यावर मांडायला सांगितलं.