दहापैकी दहा मिळालेला अर्ज

मी एक जुनी, शिवण उसवलेली वही आहे. मित्रांनो, मी कोरी करकरीत होते तेव्हा ताईने माझ्यात इंग्रजीतल्या शब्दजोड्या उतरवल्या. बाकीची पानं अजून धडधाकट आहेत, सतरावं मात्र फाटायला आलंय. ते दुःखाचं पान. 'हेवी हार्ट', 'डीपली अपसेट', 'बर्स्ट इन्टू टिअर्स', अशा एकूण बारा जोड्या.

शाळेत बाईंचा नियमच होता, एका जोडीला अर्धा गुण जास्त. मग काय, साधं पेन हरवलं तरी मुलं ते 'हेवी हार्ट'ने कळवायची. निबंधात मांजर पळालं की निदान चार जण 'बर्स्ट इन्टू टिअर्स'. इतकं रोज रडून कोण दमणार नाही? ताईचा पहिला नंबर आला, माझं कौतुक झालं आणि मी धाकटीकडे आले. तिने माझ्या कव्हराला मिशा काढल्या. असो.

त्या आठवड्यात गृहपाठ होता रजेच्या अर्जाचा, पाच जोड्या घालून. सगळ्यांनी सोमवारी दिला. बुधवारी सकाळी धाकटीने आणखी एक अर्ज दिला, आणि तो खरा होता. दुपारी एक वाजता आईचं ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी तिला आईला भेटायचं होतं. अर्ज वजनदार व्हावा म्हणून तिने माझ्यातून चांगल्या सहा जोड्या वेचल्या.

बाईंना तो गृहपाठाच्या गठ्ठ्यातलाच वाटला. त्यांनी सहाही जोड्यांखाली लाल रेघा ओढल्या, दहापैकी दहा दिले आणि वर्गाला वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. बारा वाजून गेले होते.

"कसलं भारी लिहितेस गं," शेजारची मैत्रीण कुजबुजली.

धाकटीने मला मिटलं आणि ती टेबलाशी गेली.

"बाई, हा गृहपाठ नाहीये. आईचं एक वाजता ऑपरेशन आहे. मला भीती वाटतेय."

बाईंचं लाल पेन घरंगळत खाली गेलं. त्यांनी स्वतः तिचं दप्तर भरलं, घाईत मला उलटं कोंबलं आणि तिला घेऊन निघाल्या. इस्पितळात पोचलो तेव्हा एकाला दहा मिनिटं होती.

"अर्जात काय लिहिलंस गं?" आईने विचारलं.

"बरंच काही. पण भीती वाटतेय, एवढंच सांगायचं होतं."

"मलाही," आई म्हणाली आणि तिचा हात धरून राहिली.

मित्रांनो, आई आता घरी आहे, मी कपाटात. सतराव्या पानाला चिकटपट्टी लावाल तर उपकार होतील. पण पेन हरवलं म्हणून ते उघडू नका, त्याला जरा पडू द्या. आणि कुणी दुःखाचा कागद हातात दिला, तर आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. लाल पेन नंतर.