हद्दीबाहेरचं गवत

धडगावच्या डोंगरात कालीबाईचं घर पाड्याच्या अगदी वरच्या टोकाला, जंगलाला लागून. यंदा पाऊस दिवाळीनंतरही पडत राहिला आणि घरामागच्या उतारावर गवत कमरेपर्यंत वाढलं. मग फेब्रुवारीतच एप्रिलसारखं ऊन तापलं. सगळं गवत कडकडीत वाळलं.

आग पसरू नये म्हणून जंगलाच्या कडेने गवताचा मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढायला वनरक्षक आला तेव्हा तिने त्याला उतार दाखवला. "साहेब, हे पण काढा. वरून आग आली तर सरळ घरांवर येईल."

"हे आमच्या हद्दीत नाही, बाई. ग्रामपंचायतीला सांगा."

ग्रामसेवक म्हणाला, "जंगलाकडचं गवत आम्ही कसं काढणार? वनखात्याला अर्ज द्या."

सुनेने, यामिनीने, अर्ज लिहिला. दोघी वनखात्याच्या ऑफिसात गेल्या. कारकुनाने तारीख पाहिली. "जाळरेषेचं काम पंधरा फेब्रुवारीला संपलं. आता पुढच्या वर्षी."

"गवत तारीख बघून वाळतं का?" यामिनीने विचारलं.

त्याने अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून ती परत दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी विळे घेतले. आधी आपल्या घरामागचं गवत कापलं, मग शेजारच्या रेवजीकडे सरकल्या. रेवजी बायकोसह गुजरातला ऊसतोडीला गेलेला, घराला कुलूप होतं. दुपारी गरम वारा इतका सुटे की कापलेल्या पेंढ्याही उडत.

चौथ्या दुपारी वरून धूर आला. मोहाची फुलं वेचायला कुणी झाडाखालचा पाला पेटवला की आणखी काय, कळलंच नाही. पाड्यातल्या माणसांनी ओल्या फांद्यांनी आग झोडपली. कापलेल्या जागेपाशी ती थांबली. रेवजीच्या घरामागे अजून गवत उभं होतं. त्याचं कुडाचं घर आणि कणगीतली ज्वारी बघता बघता जळून गेली.

तलाठी पंचनाम्याला आला. "घराभोवतीचं गवत आधीच का नाही काढलं?"

यामिनीने शिक्क्याचा अर्ज पुढे धरला. त्याने वाचला आणि परत दिला. "हे पंचनाम्यात येत नाही."

यामिनीने अर्जाची घडी घातली.

संध्याकाळी कालीबाईने रेवजीला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं?"

"वाचलं," ती म्हणाली. कापायला सुरुवात आपल्याच घरापासून केली, हे तिला सांगवेना.

"मुकादम आत्ता सोडणार नाही," रेवजी म्हणाला. "महिन्याने येतो."

"ये," ती म्हणाली.