के. विश्राम, प्रोप्रायटर

दुकानाचा नवा परवाना माझ्या टेबलावर ठेवत कांचनवहिनी म्हणाल्या, "बघा हेरंबभाऊजी, तुमच्याशिवाय काम करून आले."

मी वाचला आणि माझं डोकंच फिरलं. मालकाचं नाव, के. विश्राम शिर्के. वहिनींचा नवरा, माझा दोस्त विश्राम जाऊन तीन महिने झाले होते.

"हा के कोण?"

"के नाही, कै. आहे. मी मराठीत लिहून दिलं होतं. वॉर्ड ऑफिसबाहेरच्या टाइपवाल्या भाईने वाचलं, चढवलं आणि म्हणाला, थई गयुं, बेन."

गुजराती माणूस गेलेल्याच्या नावाआधी स्व. लावतो. आमचं कै. त्या बिचाऱ्याला आद्याक्षर वाटलं. म्हणजे कैलासवासी विश्राम कागदावर पुन्हा दुकान उघडून बसला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे झालं असतं तर मी पोट धरून हसलो असतो.

विश्राम नागरवाड्यात रबरी शिक्के बनवायचा. मी लोकांना परवाने आणि टॅक्सचे नंबर काढून देतो. सेल्सटॅक्सच्या काळापासून आमचं ठरलेलं, कागद हातात पडला की मी माणसाला विश्रामकडे पाठवायचं, 'प्रोप्रायटर'चा शिक्का करून घ्यायला. अर्ध्या बडोद्याला त्याने असं मालक केलं.

आता रोज अनोळखी गिऱ्हाइकांना जे ऐकवतो ते मी त्याच्याच बायकोला ऐकवू लागलो. एकट्या मालकाचा धंदा म्हणजे तो माणूसच. तो गेला की त्याच्या पॅनवरचा जीएसटी नंबर वारसाने अर्ज करून रद्द करायचा. धंदा चालवायचा तर स्वतःच्या पॅनवर नवा घ्यायचा. परवानाही वारसाच्याच नावाने.

"हा परत करावा लागेल, वहिनी. मेलेल्या माणसाच्या नावाने बिलं फाडता येत नाहीत."

'मेलेल्या' म्हणून गेलो आणि स्वतःचीच लाज वाटली. लोकांना कायदा समजावता समजावता माझी जीभ दगडाची झाली आहे.

वहिनींनी परवाना उचलून पर्समध्ये ठेवला.

"राहू द्या ना. मी खोटं काही लिहिलेलं नाही. या एका कागदावर ते आहेत. आणि ते आहेत तर मी सौ. आहे, बराबर ने?"

मी चिडलो. दुकान बंद पडेल, मग खाणार काय, असं बरंच बोललो. खरं तर राग विश्रामवर होता. असं मध्येच उठून जायचं असतं का? माझा आवाज फुटला तेव्हा वहिनींनीच मला पाण्याचा ग्लास दिला आणि परवाना बाहेर काढून टेबलावर ठेवला.

मी नंबर रद्द करायचा अर्ज उघडला. कारणांच्या यादीतून 'मालकाचा मृत्यू' निवडलं. वहिनी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

"बँकेच्या फॉर्मसाठी तुमच्या नावाचा शिक्का लागेल," मी म्हणालो. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आता कुणाकडे पाठवायचं ते मला कळेना.

"मीच करीन," त्या म्हणाल्या. "शिकवलंय त्यांनी."

आठ दिवसांनी त्या बँकेचा फॉर्म घेऊन आल्या. खाली शिक्का उमटवलेला होता, कांचन विश्राम शिर्के, प्रोप्रायटर. अक्षर विश्रामच्या वळणाचं, सुबक. फक्त नावाची ओळ उजवीकडे सरकलेली. कांचनच्या आधी एका अक्षराएवढी जागा कोरी होती.

"ही जागा कशी सुटली?" मी विचारलं.

"हात सवयीने चालला. सौ. कोरून झालं तेव्हा लक्षात आलं. मग ब्लेडने कापून काढलं." त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "बँकवाल्यांनी विचारलं तर सांगा, शिक्का करणाऱ्याची चूक आहे."