मधला सूर

माझी बायको डेलिया फिडल वाजवायची, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन. मला काहीच वाजवता येत नाही. मी अडतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला आणि अडतीस वर्षं संध्याकाळी चुलीपाशी बसून तिचं वाजवणं ऐकलं. ऐकण्याचीही सवय लागते. कुणी मधेच गज जोरात ओढला, कुणी धून अर्ध्यात सोडली, ते मला कळतं. त्यापलीकडे संगीतातलं मला काही कळतं असं मी म्हणणार नाही.

तिच्याकडे एक संथ धून होती. तिच्या आईच्या मावशीकडून आलेली. तिला नाव नव्हतं. आमच्या क्लेअर परगण्यात नाव नसलेल्या धुना पुष्कळ आहेत. लोक तिला 'डेलियाची' म्हणायचे, एवढंच. आणि आमच्याकडे अशी रीत आहे की धून एखाद्याची असली तर तो हयात असेपर्यंत दुसरा ती वाजवत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण कुणी वाजवत नाही. आमचा शेजारी पॅकी हेहिर बासरी वाजवतो, लाकडी, त्याच्या बापाची. त्याने ती धून हजार वेळा ऐकली असेल, पण एकदाही तोंडाला लावली नाही.

त्या धुनेच्या दुसऱ्या भागात, वर चढताना, एक सूर होता. पियानोवर तो सापडत नाही. एक पट्टी दाबली की फार वर जातो, शेजारची दाबली की फार खाली येतो. डेलियाचा सूर त्या दोघींच्या मधे कुठेतरी होता. इकडचे जुने वाजवणारे सगळेच तिथे कुठेतरी बोट ठेवतात, पण प्रत्येकाची जागा केसभर वेगळी असते. मला तिची जागा ठाऊक होती. मी बाहेर गोठ्यात असलो तरी त्या सुरावरून मला कळायचं की आज ती बरी आहे की नाही.

घरात तिच्या वाजवण्याची एकच कॅसेट होती. आमची मुलगी इटा बॉस्टनला गेली त्या वर्षी नाताळात तिने ती भरून ठेवली होती. पुढे एकदा रविवारी क्लेअरचा हर्लिंगचा सामना होता, मला टँकरवर जायचं होतं, म्हणून मी रेडिओवरचं समालोचन हाताला लागेल त्या कॅसेटवर भरायला लावून गेलो. ती नेमकी तीच होती. डेलियाला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती.

"जिंकले का तरी?" तिने विचारलं.

"हरले."

"म्हणजे दोन्हीकडून गेलं तुझं." आणि मग म्हणाली, "तोंड पाडून नको बसू, मर्टी. मी आहे की इथे. कॅसेट कशाला हवी तुला?"

मलाही तेव्हा ते पटलं.

नंतर ते सिनेमावाले आले. आमच्यापासून दहा मैलांवरचा जमीनदाराचा जुना बंगला त्यांनी भाड्याने घेतला होता. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, जमीनदाराची मुलगी आणि कुळाचा मुलगा. बंगल्यातल्या नाचासाठी डब्लिनचा चाळीस वादकांचा ऑर्केस्ट्रा होता. पण मधे एक प्रसंग होता. मुलगा अमेरिकेला निघतो, आणि त्याच्या आदल्या रात्री शेजारीपाजारी त्याच्या घरी जागत बसतात, मेलेल्या माणसासाठी बसावं तसे. पूर्वी आमच्याकडे तसंच करत, कारण गेलेला माणूस परत दिसायचा नाही. त्या प्रसंगाला त्यांना फिडल हवं होतं, आणि कुणीतरी डेलियाचं नाव सांगितलं.

सिनेमाचे संगीतकार व्हिटन म्हणून होते. सभ्य माणूस. आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी पहिल्यांदा धून ऐकली आणि चहा तसाच गार होऊ दिला.

"मिसेस टाल्टी," ते म्हणाले, "तुमचं व्हायोलिन किती वर्षांचं आहे?"

"हे फिडल आहे," डेलिया म्हणाली. "व्हायोलिन दारात पाय पुसून आत येतं."

ध्वनिमुद्रण मार्चमध्ये आमच्या चर्चच्या हॉलमध्ये झालं. तोवर तिचं दुखणं बाहेर आलं होतं, लिमरिकच्या इस्पितळात दोन खेपा झाल्या होत्या. मी तिच्यासाठी घरून उशी नेली. पॅकी उगाचच आला होता. पुढच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला.

डेलियाने तीनदा वाजवलं. व्हिटनसाहेब जवळ येऊन वाकले.

"फार सुंदर. आता एकदा अगदी मघासारखंच वाजवाल?"

"कुठल्या मघासारखं?"

"दुसऱ्या वेळेसारखं."

"ते तर होऊन गेलं," ती म्हणाली.

"अहो, तिला एकच भाजी दोनदा सारखी जमत नाही," पॅकी बाकावरून म्हणाला. "मर्टीला विचारा."

"पॅकी, तुला जमलेली एक गोष्ट सांग. एक," डेलिया म्हणाली, आणि सगळे हसले.

मग व्हिटनसाहेबांनी त्या सुराचं काढलं. फार अदबीने. म्हणाले, फिडलखाली पुढे ऑर्केस्ट्रा भरणार आहे, तो सूर त्यांच्याशी भांडेल. थोडा वर घेता येईल का? नाही तर थोडा खाली, कसाही, पण एका बाजूला.

तिने खरंच प्रयत्न केला. वर घेऊन पाहिला, खाली घेऊन पाहिला. मग फिडल मांडीवर ठेवलं.

"वर नेला की वाटतं पोराला जायचा आनंद झालाय," ती म्हणाली. "खाली आणला की त्याची आई रडायला लागते. यातलं काहीच नाहीये अजून. पोरगं नुसतं दारात उभं आहे."

व्हिटनसाहेबांनी हातातले कागद मिटले. मग म्हणाले, "तुम्हाला हवा तसा वाजवा, मिसेस टाल्टी. ऑर्केस्ट्राचं मी बघतो."

गाडीत ती म्हणाली, "भला माणूस आहे." आणि झोपली.

ऑगस्टमध्ये ती गेली, पहाटे पाचला. इटाचं विमान शॅननला सातला उतरलं. मी तिला घ्यायला गेलो नाही, पॅकी गेला. पोरीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. दोन तासांनी चुकलं, असं ती त्यानंतर दर फोनवर म्हणायची. मी म्हणायचो, अगं, तशीही ती शुद्धीत नव्हती. ते खरं नव्हतं.

तिच्या मागे घर फार गप्प झालं. मी रेडिओ लावायचो आणि बंद करायचो. मनात एकच गोष्ट धरून होतो, की सिनेमा येईल आणि मला ती पुन्हा ऐकायला मिळेल. दीड वर्ष मी ते धरून काढलं. लोक म्हणायचे, मर्टी सावरला. मी सावरलो नव्हतो, मी वाट बघत होतो.

सिनेमा आला तेव्हा आमच्या पाद्रीबाबांनी खटपट करून एका रविवारी दुपारी तो हॉलमध्येच दाखवायचं ठरवलं, खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार केला. इटा बॉस्टनहून आली. माझ्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला पॅकी. सगळं गाव होतं. ओळखीचं शेत दिसलं की लोक मोठ्याने नाव घेत होते, आणि कुणाची तरी गाय पडद्यावरून गेली तेव्हा टाळ्या पडल्या.

मग तो प्रसंग आला. झोपडी, मेणबत्ती, भिंतीला टेकून बसलेली माणसं. फिडल सुरू झालं आणि हॉल चिडीचूप झाला. इटाने माझी बाही धरली.

"डॅडी," ती पुटपुटली, "मम्मी."

मलाही तसंच वाटलं. पहिला भाग अगदी तिचा होता, ओढणं, थांबणं, सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्या सुराची वाट बघत बसलो, अंधारात जिन्याच्या ओळखीच्या पायरीवर पाऊल टाकावं तसा.

सूर वर गेला. स्वच्छ, धुतलेला, पियानोवरचा. खालून ऑर्केस्ट्रा आला आणि त्याने सुराला अलगद उचलून घेतलं. लोक रडत होते. मला वाटलं, ही यंत्राची काहीतरी करामत असेल, धून फिरून त्या जागी आली की बरोबर येईल. पुढच्या खेपेला तो पुन्हा तसाच आला, नुसता तसाच नाही, केसभरही इकडेतिकडे नाही. डेलियाने आयुष्यात कुठलीच गोष्ट दोनदा सारखी वाजवली नव्हती. पॅकीने घसा साफ केला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला.

शेवटी पांढऱ्या अक्षरांत नावं आली. 'फिडल: डेलिया टाल्टी'. सगळा हॉल उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. मीही उभा राहिलो. आणखी काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी मी पोस्टातून व्हिटनसाहेबांना फोन केला, घरून नाही. फोन कशासाठी ते त्यांनी पहिल्याच वाक्याला ओळखलं.

"मिस्टर टाल्टी, आम्ही तीन दिवस प्रयत्न केला," ते म्हणाले. "चाळीस माणसं त्या सुराखाली बसेनात. निर्मात्यांनी घाई लावली होती. मग आमच्या मुख्य व्हायोलिनवादक बाईंनी दोन आठवडे तुमच्या पत्नींची टेप ऐकून ती धून उचलली. अगदी श्वासासकट. एवढा एक सूर सोडून."

"ती टेप कुठं आहे?"

"कंपनी सिनेमापुरतीच होती, ती बंद झाली. टेपा कुठं गेल्या ते मी स्वतः शोधलं. पुसून पुन्हा वापरल्या म्हणतात."

"मग नाव तिचं का लिहिलंत?"

"धून त्यांची होती. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

मी म्हटलं, आभारी आहे. त्यांच्यावर रागवायचंही मला जमलं नाही. माझ्या स्वतःच्या हातून हर्लिंगच्या सामन्यापायी तेच झालं होतं.

घरी इटा टेबलाशी बसली होती. तिने सिनेमाच्या संगीताची सीडी मिळवली होती, लहानसं यंत्र समोर होतं, कानांत ते बोळे. सोडा ब्रेड कापून ठेवला होता, त्याला तिने हात लावला नव्हता. खरं काय ते सांगायचंच असं ठरवून मी आलो होतो. टोपी काढली आणि समोर बसलो.

तिने कानातले बोळे काढले. "डॅडी, मी आले तेव्हा ती गेलेली होती. दोन तास. मला वाटायचं, हे आता असंच राहणार. पण काल मला वाटलं, ती माझ्यासाठी थांबली होती इथं." तिने त्या यंत्रावर बोट ठेवलं. "तीच ना ही? तू तर तिला भिंतीपलीकडून ओळखायचास."

"तीच," मी म्हटलं. "दुसरं कोण असणार?"

मग मी ब्रेडला लोणी लावून तिच्यापुढे सरकवला, आणि तिने खाल्ला.

बुधवारी मी तिला शॅननला सोडून आलो. दुपारी पॅकी आला. बसला नाही, दारातच कोटाचं बटण चाळवत राहिला.

"ती डेलिया नव्हती, मर्टी."

"माहीत आहे."

"पोरीला काय सांगितलंस?"

"तीच होती म्हणून."

"मीही तेच सांगितलं," तो म्हणाला. "रविवारी हॉलच्या बाहेर मला विचारत होती." मग त्याने कोटाच्या आतून बासरीचे तुकडे काढले आणि जोडायला लागला. "मी त्या धुनेला कधी हात लावला नाही, तुला ठाऊक आहे. पण आता तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला नीट ठाऊक नाही ती. तुझी हरकत नसेल तर."

"बस," मी म्हटलं.

त्याने पहिला भाग वाजवला. अडखळत, पण बरोबर होता. दुसऱ्या भागात वर चढताना त्याने भोकावरचं बोट अर्धं उचललं, म्हणजे सूर मधे येईल असं.

"किंचित खाली," मी म्हटलं.

त्याने बोट जरा सरकवलं. "असा?"

"फार झालं. थोडा वर."

"हा?"

"जवळ आहे. पुन्हा वाजव."

त्याने पुन्हा वाजवला, मग पुन्हा. सात-आठ वेळा झालं असेल. दर वेळी तो माझ्याकडे बघत होता, कारण आता विचारायला मीच तेवढा होतो. मी डोळे मिटले आणि डेलियाचा सूर आठवायला गेलो. चुलीजवळची तिची खुर्ची दिसली, तिची हनुवटी फिडलवर टेकलेली दिसली, गज वर गेलेला दिसला. आणि कानात डब्लिनच्या त्या बाईंचा सूर आला, धुतलेला, खाली चाळीस माणसं.

मी डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा तोच.

"वर की खाली?" पॅकीने विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं.

तो बासरी ओठांपाशी धरून थांबला. बराच वेळ थांबला. मग त्याने ती हळूच गुडघ्यावर ठेवली, आणि पुन्हा काही विचारलं नाही.