एक वाटी एरंडेल

खामगावच्या कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात पंचवीस वर्षं ऑइल इंजिन सांभाळलेले उकंडराव आज विमानात बसले होते. खरंच बसले होते, पट्टा बांधून! कपाशीवर औषध फवारायला महिनाभर आलेलं ते चिमुकलं विमान आज जळगावकडे जायचं होतं. त्याआधी वैमानिक नीळकंठराव महिनाभर मदतीला राहिलेल्या उकंडरावांना त्यांच्या गावावरून, जळगावच्या वाटेवरच्या पिंपळगाव राजावरून, एक चक्कर मारून आणणार होते. बायको मनकर्णाबाई तिकडे माळवदावर चढून बसली असणार. कोवळ्या उन्हात कपाशी पिवळ्या फुलावर आलेली. आपण अर्धे आधीच आभाळात आहोत, असं उकंडरावांना वाटत होतं.

"आज दवेशिवाय उडायचं," नीळकंठराव म्हणाले. "बाटली संपली."

ही दवा म्हणजे पेट्रोलातलं शिसं प्लगवर साचू नये म्हणून टाकीत घालायचं औषध. नीळकंठराव ते मापानं घालत. "थोडी जास्त घातली तर?" उकंडरावांनी सहज विचारलं.

"छे! चुकीचं काही गेलं तर वर इंजिन बंद पडेल."

उकंडरावांचा हात पट्ट्याच्या बक्कलाकडे गेला. खोकणाऱ्या इंजिनाला वाटीभर एरंडेल पाजायचं, ही जिनातली रीतच. बाटली रिकामी पाहून त्यांनी सकाळीच, कोणाला न विचारता, मोठ्या मायेनं ते टाकीत ओतलं होतं. शहाणपणा नडतो तो असा. बोललं तर चक्कर गेली. गप्प बसलं तर कदाचित काहीच होणार नाही, जिनात कधी झालं होतं?

"सायेब, उतरा," ते म्हणाले. "म्या टाकीत एरंडेल टाकलं."

नीळकंठराव खाली उतरले. मग त्यांनी टाकी रिकामी केली. एरंडेल तळाशी जाड बसलं होतं. पिंपातलं उरलेलं पेट्रोल जेमतेम जळगावपुरतं, तेही एका माणसाला. "घर कोणतं तुमचं?" निघताना त्यांनी एवढंच विचारलं. उकंडरावांनी खूण सांगितली आणि विमान दिसेनासं होईपर्यंत ते रडले.

संध्याकाळी ते घरी पोचले तर मनकर्णाबाई दारातच.

"किती खाली आणलं हो इमान! तुमी हात हालवला, मले दिसला."

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"मी कशी दिसत होती वरून?" तिनं विचारलं.

"लहान," उकंडराव म्हणाले. "पण लगेच वळखू आली."