दोन बोटं कर

नमनच्या गाडीचं नाक वर होतं. दोन सीटची, लाल, सेकंडहँड स्पोर्ट्स गाडी. आधीच्या मालकानं खड्ड्यांना भिऊन पुढं उंच स्प्रिंगा बसवल्या होत्या. उभी असली की वाटायचं, आता शिंकणार. हायवेला सोडली की पुढून हलकी पडायची, स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं.

पुण्यातल्या एका चकाचक वर्कशॉपवाल्यानं त्याला सांगितलं, पुढचा अख्खा सेट बदला. स्प्रिंगा, शॉक, सगळं. मला अशा लोकांचा संताप येतो. चपलेचा अंगठा तुटला तर हे पाय बदलायला सांगतील. शॉक बिलकुल धड होते. खोट स्प्रिंगच्या उंचीत होती, तर स्प्रिंगचंच बघायचं.

आमच्या इथले त्याहून भारी. गॅस कटर लावायचा, एक वेढा उडवायचा, झालं काम. जालन्यात राहून, एमआयडीसीत लोखंड लालभडक होऊन धावताना रोज बघून यांना कळत नाही, की तापवलं की स्प्रिंगचं पाणी, म्हणजे तिचा ताठा, उतरतं. मग ती बसते, नाहीतर वळणावर तुटते. मी थंड कापतो. पातळ चकती, थोडं थोडं, मध्ये ओलं फडकं.

नमन म्हणजे मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या कचरूलालशेठचा मुलगा. शेठचं बियाण्यांचं दुकान. पंच्याहत्तरी गाठली, तरी आवाज अजून लिलावातला. गाडी घरी आली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "आपल्या गेटातून न घासता आत-बाहेर झाली तर ठेव. एकदा जरी घासली तर विकायची." गेटासमोर नालीवर सिमेंटचा चांगला उंच उतार आहे. नाक वर होतं तोवर प्रश्न नव्हता. पण नमनला ती नीट पळणारी हवी होती. बापाच्या दुकानात, बापाच्या गादीवर, बापानं ठरवलेल्या भावात दिवस काढणाऱ्या माणसाकडं स्वतःचं म्हणून ही एकच वस्तू होती.

त्याचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोच्या खाली होतो.

"नागसेनभाऊ, पुढून दोन बोटं कर. जास्त न्हाई."

"दोन?"

"बराबर दोन."

"झालं समज."

चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत पाच बोटं जायची. मी दोन ठेवली. स्प्रिंगा कापल्या, शॉकच्या दांड्यावरचं रबर तेवढंच छाटलं, जॅकवर उचलून स्प्रिंग सैल पडत नाही ना ते बघितलं, चाकं सरळ करून आणली. गाडी खाली घेऊन पुढं-मागं लोटली. नाक खाली, ढुंगण वर, उंदरावर टपलेल्या मांजरीसारखी. मी स्वतःवरच खूश.

नमन आला, चाकावरच्या फटीत हात घातला.

"भाऊ, ही तर दोनच राह्यली."

"तूच म्हणला दोन."

"दोन उतरव म्हणलो मी! दोन ठेव न्हाई!"

"उतरव कुठं म्हणला? कर म्हणला. दोन बोटं कर. आता मला का सपान पडतं?"

भांडलो थोडं. कापलेलं लोखंड वाढत नसतं. पण गाडी दिसतच अशी होती, की भांडता भांडता तो तिच्याभोवती फिरायला लागला.

"न्हाई घासणार," तो म्हणाला. "चल, बस."

बसलो. शेठच्या घरापर्यंत गाडी अशी आली, की रस्त्याला चिकटवलीय. नमन एका हातानं चालवून राह्यलता. गेटाशी आलो. शेठ ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. नाक उतारावर चढलं आणि, खर्रर्र.

आतून नमनची आई, तारादेवी आल्या. "काय फुटलं रे?"

शेठ उठलेसुद्धा नाहीत. "विक," एवढंच म्हणाले.

नमननं चावी काढली आणि खाली बघत बसला. बापापुढं बोलायची त्या घरात पद्धत नाही. मला असल्या पद्धती कुणी शिकवल्या नाहीत. मी उतरलो.

"शेठ, त्याला कशापायी शिक्षा? तो म्हणला दोन बोटं उतरव, मला वाटलं दोन ठेव. बोट चुकलं आमचं. तुम्ही रुमालाखाली उभा जन्म सौदे केले. बोट चुकलं तर काय करत होते? समोरच्याचं दुकान विकत होते का?"

तारादेवींनी पदर तोंडाला लावला. शेठच्या तरुणपणी भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नसे.

शेठ खुर्चीतून उठले.

"बोट चुकलं तर सौदा फिरतो," ते म्हणाले. "दोष कोनाचाच न्हाई. रुमाल पुन्हा टाकायचा."

"मंग टाका की," तारादेवी म्हणाल्या. "उपरणं खांद्यावरच हाय."

शेठ ओट्यावरून उतरले. माझा हात ग्रीसनं काळा होता. मी पुसला नाही, त्यांनी पुसायला सांगितला नाही. पांढरं उपरणं वर टाकलं आणि आत माझा हात धरला. मी त्यांचं एक बोट दाबलं.

"एक. वर का खाली?"

"वर, शेठ. एक बोट वर."

"तोंडानं बोलत जा. तुमच्या दोघांचा भरवसा न्हाई."

गॅरेजवर कन्व्हेयरच्या पट्ट्याचं जुनं रबर पडलेलं होतं, टणक, दातानं चावता येणार नाही असं. त्याच्या गोल चकत्या कापल्या, दोन दोन थर करून स्प्रिंगच्या बुडाशी बसवल्या. फटीत बरोबर तीन बोटं. चाकं पुन्हा सरळ केली आणि संध्याकाळच्या आत गाडी गेटाशी आणली.

"थांब," शेठ म्हणाले. "मोकळी काय बघायची? मी बसतो."

शेठ भरल्या पोत्याएवढे. ते बसले तशी गाडी कुरकुरली आणि थोडी दबली. मी उतारापाशी आडवा होऊन कान सिमेंटला लावला. नमननं ब्रेक सोडला. नाक चढलं, पोट चढलं, मागची चाकं चढली. कानाशी टायरची खसखस, बाकी काही नाही. तशीच बाहेर काढली. तेव्हाही नाही.

"ठेव," शेठ आतूनच म्हणाले.

नमन हसला. बापाशेजारी बसून त्याला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मी शेठच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांना ओढून काढायला हात पुढं केला, कारण त्या सीटमधून उठणं म्हणजे विहिरीतून निघणं.

"दार लाव," शेठ म्हणाले. "मोंढा अजून बंद झाला न्हाई. नमन, घे तिकडून. हळू घे, लोकांना दिसू दे."