घसऱ्या

तबेल्यातल्या माणसांना सरळ बोलायचं वावडं असतं. स्पर्धा तीन दिवसांची. पहिल्या दिवशी घोड्यानं पंचांसमोर ठरलेली, मोजकी पावलं टाकायची, त्याला ही मंडळी म्हणणार 'नाच'. दुसऱ्या दिवशी माळावरून भरधाव जात ओंडके, चर, पाणी ओलांडायचं, ते 'रान'. तिसऱ्या दिवशी रंगीत दांड्यांवरून उड्या, त्या नुसत्या 'दांड्या'. स्वार पाण्यात पडला तर 'आंघोळ झाली'. अडथळ्यापाशी येऊन थबकणारा घोडा 'विचारवंत', आणि समोर काहीही आलं तरी मुकाट ओलांडणारा 'इमानी'. ऐकायला मजा येते. पण यातलं एखादं वाईट नाव घोड्याला लागलं की गोचिडीसारखं चिकटतं, मग त्याच्यावर बसायला कुणी धजत नाही.

तांबूला तीन आठवड्यांपूर्वी 'घसऱ्या' हे नाव चिकटलं, आणि ते खोटं आहे हे एकट्या ताईला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

ताई म्हणजे तांबूचं सगळं करणारी. खरारा, दाणा, पायांच्या पट्ट्या, सगळं तिच्याकडे. बसायची तिची धाकटी बहीण. बक्षिसाच्या फोटोत धाकटी आणि घोडा, ताईचा फार तर लगाम धरलेला हात. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. घोडा आपला, बहीण आपली, आणखी काय हवं?

त्या दिवशी रानात गवत ओलं होतं. अशा वेळी नालांच्या भोकांत लोखंडी स्टड पिळून बसवतात, म्हणजे पाय रोवला जातो. तांबूचे तीन पाय झाले, चौथा ताईनं मांडीवर घेतला, तेवढ्यात भोंग्यावरून धाकटीचा नंबर पुकारला. आधीच्या स्वारानं माघार घेतली होती. झालं, पळापळ. ताईनं पाय खाली सोडला, खोगिराचा तंग आवळला, बहिणीला वर चढवलं आणि घोडा पुढे काढला. मागचा डावा पाय तसाच राहिला. नवव्या अडथळ्याआधीच्या वळणावर तांबूचं मागचं अंग निसटलं, दोघं आडवी झाली आणि धाकटीच्या खांद्याचं हाड मोडलं. धावत जाताना ताईनं रुमालासाठी एप्रनच्या खिशात हात घातला, तर हातात दोन स्टड आले.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाचीही होते. पण घोड्याला परत आणल्यावर तिनं उरलेल्या तीन पायांतले स्टड घाईघाईनं काढले आणि चारी पायांच्या भोकांत, एरवी भरतात तसे, कापसाचे बोळे कोंबले. आता चारी खूर सारखेच दिसत होते. संध्याकाळी तबेल्याचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, ते म्हणाले, "घसऱ्या निघाला. वळणावर भरवसा नाही." ताई मूग गिळून गप्प बसली.

आज अकराला गाडी येणार होती. तलावाकाठी येणाऱ्याजाणाऱ्यांना घोड्यावरून फेऱ्या मारून आणणाऱ्या एका माणसाकडे सरांनी तांबूला द्यायचं ठरवलं होतं. दिवसभर कुणीही यावं, टाचा मारून जावं. सकाळी खरारा करताना तांबू नेहमीसारखा तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा राहिला, तेव्हा ताईला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक खोगिरांच्या खोलीत गेली. धाकटी पेटीवर बसून एका हातानं लगाम पुसत होती, दुसरा हात गळ्यातल्या पट्ट्यात.

"तुला एक सांगायचंय. रागाव, मार, काय वाटेल ते कर. त्या दिवशी मागच्या डाव्या पायाला मी स्टड लावलेच नव्हते गं."

धाकटी पुसायची थांबली नाही. "माहितीये."

"माहितीये?"

"पडले तेव्हा त्याचा खूर माझ्या नाकासमोर होता, ताई. भोकं रिकामी होती."

"अगं, मग तीन आठवडे बोलली का नाहीस? त्या मुक्या जिवानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

हे बोलून गेल्यावर ताईला स्वतःचीच लाज वाटली. तोंड आपणच शिवून घेतलं आणि जाब हिला विचारायचा!

धाकटीनं लगाम खाली ठेवला. "घोडा चांगला आहे म्हटलं असतं, तर हाड जुळल्यावर मला बसवलं असतं. मला नाही बसायचं. डोळे मिटले की ते वळण येतं. सरांना कुठल्या तोंडानं सांगू, मी घाबरले म्हणून? तो घसऱ्या ठरला, मी सुटले."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ताई वळली आणि अंगणात गेली. ड्रायव्हर फळी खाली सोडत होता, सर दोर घेऊन उभे होते.

"सर, घोडा नेऊ नका. तो घसऱ्या नाही. मी एक पाय रिकामा सोडला होता. आणि नंतर बाकीचे स्टड काढून ते लपवलं."

सरांनी दोर खाली ठेवला. धाकटीही दारात येऊन उभी राहिली होती.

"तीन आठवडे!" सर म्हणाले. मग दाराकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "हिला माहीत होतं?"

"नाही," ताई पटकन म्हणाली. बहिणीसाठी एवढं तरी करावं, असं तिला वाटलं.

सरांनी ड्रायव्हरला फळी वर घ्यायला सांगितलं. "म्हणजे घोड्याचा दोष नाही, पोरीचाही नाही. मग प्रश्नच मिटला. हाड जुळलं की हीच बसेल त्याच्यावर. पुढच्या रानात नाव देतो दोघांचं. आणि तू यापुढे त्याच्या पायांना हात लावायचा नाहीस. दुसरं कुणीतरी बघेल."

ताईनं दाराकडे पाहिलं. 'घाबरलीय' एवढा एक शब्द बोलली असती तर बहीण सुटली असती, पण तो शब्द बहिणीनंच बोलायचा होता. आणि तीन आठवडे खरं लपवलेल्या बाईवर विश्वास तरी कोण ठेवणार होतं?

"काय गं, चालेल ना?" सरांनी धाकटीला विचारलं.

"हो, सर," ती म्हणाली. चांगल्या हातानं तिनं दाराची चौकट घट्ट धरली होती, आणि ताईकडे ती बघत नव्हती.